मुदत संपल्यावर
(न्यासाच्या रौप्यमहोत्सवी समारंभात खजुरी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



उत्सवाच्या मांडवात बहुधा यशाच्या गोष्टी सांगतात. न्यासाच्या शिष्यवृत्तीवर शिकून कोणी शिक्षक झाले, कोणी डॉक्टर झाले. त्यांची भाषणे आपण सकाळपासून ऐकली आणि आनंद वाटला. मला मात्र चालकांनी माझ्या चुकीची हकीकत सांगण्यासाठी बोलावले आहे. परदेशी जाऊन व्हिसाची मुदत संपल्यावरही तेथेच राहून काम करणे, हा माझा विषय. मी सुतार माणूस, वक्ता नव्हे. परंतु या विषयाचे शिक्षण मी तीन वर्षे घेतले आहे आणि त्याची फी माझ्या घराने भरली आहे, म्हणून आपल्यापुढे उभा राहिलो.

आपल्या गावाला सरहद्द नवी नाही. माझे आजोबा सोलापूरला जात, तेव्हा निजामाच्या करोडगिरीच्या नाक्यावर त्यांना गाठोडे सोडून दाखवावे लागे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्य मोडले, उमरगा मुंबई राज्यात गेला आणि आळंद तालुका म्हैसूर राज्यात आला. गाव जागचे हलले नाही, सरहद्द हलली. तेव्हापासून आपली सोयरीक उमरग्याकडे आणि जमिनीची पहाणी आळंदला. घरी मराठी, कचेरीत कन्नड. तरी उमरग्याच्या बाजाराला जाताना आपल्याला कोणी कागद विचारीत नाही. त्यामुळे सरहद्द म्हणजे रस्त्याच्या कडेची एक पाटी, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. देशाची सरहद्द अशी नसते. तेथे माणसाला आत घेतात ते मुदतीवर, आणि ती मुदत आपण झोपलेले असतानाही सरत असते.

२००४ साली मी दुबईला गेलो. दोन वर्षे तुरीने दगा दिला होता आणि बहिणीचे लग्न तोंडावर होते. एजंटाने सत्तर हजार रुपये मागितले. ते मी शेकडा तीन रुपये महिना व्याजाने उचलले. व्हिसा होता भेटीचा, दोन महिन्यांचा. एजंट म्हणाला, "तिथे पोचलास की कामाचा व्हिसा करून देतील." भेटीच्या व्हिसावर काम करणे हाच मुळात गुन्हा आहे, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. इंग्रजी कागदावर सही केली आणि मुंबईला विमानात बसलो.

तेथे ठेकेदार आपल्याच देशाचा होता. पहिल्याच दिवशी त्याने "जपून ठेवतो" म्हणून पासपोर्ट घेतला. फळ्या ठोकण्याचे काम, दिवसाला साठ दिरहम. दोन महिने त्याने चोख पैसे दिले. व्हिसाचा विषय काढला, की "पुढच्या आठवड्यात" म्हणे. मुदत संपली त्यानंतरच्या हप्त्याला त्याने हातावर चाळीसच्या हिशेबाने पैसे ठेवले. मी विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तुझा कागद संपला. पटत नसेल तर पोलिसांकडे जा."

मंडळी, व्हिसा संपल्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. काम तेच होते, ऊन तेच होते, हातही तेच होते. पण आता मला मजुरी मागता येत नव्हती, काम सोडता येत नव्हते आणि तक्रार करता येत नव्हती. पुढे चार महिन्यांची मजुरी त्याने बुडविली, ती बुडालीच. परातीवरून पडून माझ्या डाव्या हाताचे बोट मोडले. दवाखान्यात ओळखपत्र मागतील या भीतीने खोलीतल्या सोबत्याने फळीचा तुकडा बांधून ते बसविले. ते बोट आजही सरळ होत नाही. सुताराचे बोट म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको.

घरी फोन केला, की मी म्हणे, "बरे चालले आहे." दुसऱ्याच्या नावाने थोडेफार पैसेही पाठवी. त्यामुळे गावात माझे नाव चांगले झाले. माझ्या मागून आणखी दोघे त्याच एजंटाकडे गेले. त्याचा दोष मी आजही माझ्याकडे घेतो.

२००६ च्या फेब्रुवारीत एका रात्री दादाचा फोन आला. आई गेली होती. दादाने विचारले, "येतोस का? तुझ्यासाठी थांबू का?" विमानतळावर जायचे तर पासपोर्ट हवा, तो ठेकेदाराकडे. मुदतीवर राहिलेल्या प्रत्येक दिवसाचा दंड हवा, तो माझ्या तोपर्यंतच्या सगळ्या कमाईपेक्षा जास्त. मी म्हणालो, "थांबू नका, दादा." आईला अग्नी दादाने दिला. सकाळी मी नेहमीप्रमाणे कामावर गेलो, कारण न गेलो तर खाडा पडत होता.

२००७ च्या जूनमध्ये तेथील सरकारने माफी जाहीर केली. मुदत उलटलेल्यांनी दंड न भरता देश सोडावा, अशी ती सवलत होती. वकिलातीतून आउटपास काढला आणि ऑगस्टमध्ये घरी आलो. सत्तर हजारांवर शेकडा तीनने तीन वर्षांचे नुसते व्याज होते ७५,६०० रुपये. म्हणजे मुद्दलापेक्षा व्याज मोठे झाले. ते फेडण्यासाठी दोन एकर जमीन गेली.

आता कोणी म्हणेल, मुदत संपली तेव्हाच का परत आला नाहीस? हा प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच, की लोभाने फार थोडे राहतात, बहुतेक कर्जाने राहतात. रिकाम्या हाताने गावात पाय ठेवायची लाज वाटते. आणखी सहा महिने काढू, कर्ज फेडू आणि जाऊ, असे मन सांगते. पण कागद संपलेल्या माणसाची मजुरी कमी होते आणि दंड वाढतो, म्हणून ते सहा महिने कधीच पुरे होत नाहीत. कर्जामुळे आपण राहतो आणि राहिल्यामुळे कर्ज वाढते.

माझ्यासारखे पुष्कळ आहेत. संयुक्त अरब अमिरातीला अशी माफी १९९६, २००३, २००७, २०१२, २०१८ आणि २०२४ साली द्यावी लागली. सौदी अरेबियात २०१३ साली कागदपत्रे नियमित करण्याची मुदत दिली गेली, त्या वर्षी लाखाहून अधिक भारतीय परत आले. पण माफी ही त्या सरकारची मेहेरबानी आहे, आपला हक्क नव्हे. पुढची केव्हा येईल हे कोणालाही सांगता येत नाही. त्या भरवशावर राहणे म्हणजे पावसाच्या भरवशावर विहीर बुजविणे होय.

वसतिगृहातील मित्रहो, आता तुमच्याशी बोलतो. तुम्ही माझ्यापेक्षा शिकलेले आहात. तुम्हाला आखाताऐवजी ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड दिसते. ते वाईट नाही. २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने भारतीय तरुणांसाठी सुटीत काम करण्याचा व्हिसा सुरू केला. वय १८ ते ३०, वर्षाला एक हजार जागा, निवड सोडतीने आणि राहण्याची मुदत बारा महिने. इंग्लंडने २०२३ पासून तरुण व्यावसायिकांसाठी दोन वर्षांचा व्हिसा ठेवला, वर्षाला तीन हजार जागा. तो वाढवून मिळत नाही. जग पाहावे, चार पैसे मिळवावे आणि परतावे, असा या व्हिसांचा हेतू आहे. पण तेथे गेल्यावर कोणीतरी भेटतोच, जो म्हणतो, "राहा रे, कोण विचारतो?"

विचारतात. ऑस्ट्रेलियात मुदतीवर २८ दिवसांहून अधिक राहून मग निघालेल्याला सामान्यतः तीन वर्षे तात्पुरता व्हिसा मिळत नाही. इंग्लंडात ३० दिवसांहून अधिक राहिलेला माणूस स्वखर्चाने परतला तरी पुढे एक वर्ष त्याला दार बंद, आणि हद्दपार केला तर दहा वर्षेही. अमेरिकेत १८० दिवसांहून अधिक राहून निघाल्यास तीन वर्षे, एक वर्ष किंवा अधिक राहिल्यास दहा वर्षे प्रवेश नाही. हा कायदा १९९६ चा आहे.

मजुरीच्या बाबतीत मात्र देशादेशांत फरक आहे, तो लक्षात ठेवा. इंग्लंडात २०१६ च्या कायद्याने परवान्यावाचून काम करणे हाच गुन्हा ठरला आणि अशी कमाई जप्त होऊ शकते. ऑस्ट्रेलियात २०२३ साली कायद्यात स्पष्ट केले, की व्हिसाचा नियम मोडला तरी केलेल्या कामाच्या मजुरीचा हक्क जात नाही. आणि १ जुलै २०२४ पासून, व्हिसाची भीती घालून कामगाराला राबविणारा मालक गुन्हेगार ठरतो. माझ्या ठेकेदाराला असा कायदा आडवा आला असता, तर माझे चार महिने बुडाले नसते. पण कायदा कितीही चांगला असला, तरी लपलेल्या माणसाला तो मागायला जाण्याचे धैर्य होत नाही.

तेव्हा करावे काय? मला समजले तेवढे सांगतो.

पहिली गोष्ट, दहावी पूर्ण करा. दहावी न झालेल्या माणसाला आखातातील सहाही देशांत नोकरीला जाताना आपल्या सरकारची उत्प्रवास मंजुरी लागते. ती माणसाच्या रक्षणासाठीच आहे. भेटीच्या व्हिसावर पाठविणारा एजंट ती चुकवितो, एवढ्यावरून त्याला ओळखा. दहावी झालेल्याला ही मंजुरी लागत नाही, म्हणून त्याने कागद स्वतःच अधिक डोळसपणे वाचावा.

दुसरी गोष्ट, एजंट नोंदणीकृत आहे काय, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहा. नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरील कर, याहून अधिक घेता येत नाही. मजुरीला जाणाऱ्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि अपघाती मृत्यूला दहा लाखांचे संरक्षण.

तिसरी गोष्ट, न वाचलेल्या कागदावर सही करू नका. २०२३ च्या अखेरीस आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यातील काही तरुण सुरक्षारक्षकाच्या नोकरीच्या आशेने रशियाला गेले आणि युद्धाच्या आघाडीवर पोहोचले. सरकारच्या प्रयत्नांनी ते सप्टेंबर २०२४ मध्ये परतले. ते परत आले हे त्यांच्या आईवडिलांचे भाग्य.

चौथी गोष्ट, मुदतीची तारीख घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मुलाजवळ ती असतेच, आईबापांजवळही असू द्या. राहायचेच असेल, तर मुदत संपण्यापूर्वी रीतसर अर्ज करा. अर्ज वेळेत गेला, तर ऑस्ट्रेलियासारख्या देशात निर्णय होईपर्यंत राहण्याची तात्पुरती परवानगी मिळते. तारखेनंतर धावाधाव केली, तर बहुतेक दारे मिटलेली असतात.

आणि मुदत उलटून गेलीच असेल, तर लपू नका. आपल्या वकिलातीत जा. परराष्ट्र खात्याचे 'मदद' संकेतस्थळ २०१५ पासून आहे, त्यावर गावातून नातेवाइकांनाही तक्रार नोंदविता येते. अडचणीत सापडलेल्या गरजूंसाठी वकिलातींजवळ भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, त्यातून परतीच्या तिकिटालाही मदत होऊ शकते. मला तेव्हा वकिलातीची वाट ठाऊक असती, तर मी माफीची वाट पाहत तीन वर्षे काढली नसती.

विश्वस्त मंडळींना एक विनंती करून भाषण आटोपतो. न्यासाने आजवर मुलांना शिकविले, बाहेर पाठविले. आता परत आणण्यासाठीही थोडे करावे. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाच्या पासपोर्टची व व्हिसाची प्रत आणि मुदतीची तारीख एका वहीत नोंदवावी. कागद वाचून दाखवील असा एक जाणता माणूस आठवड्यातून एक दिवस कार्यालयात बसवावा. आणि एक लहानसा बिनव्याजी निधी ठेवावा, ज्यातून सावकाराचे व्याज थांबविता येईल. व्याज थांबले, की मुलाला परत यायचे धैर्य होते. आज या निधीसाठी माझ्याकडून पाच हजार एक रुपये मी चालकांकडे दिले आहेत.

शेवटचे बोलणे आईबापांशी आहे. या मांडवात अशी घरे आहेत, ज्यांचा मुलगा आज मुदत उलटून तेथे राहिला आहे. मी नावे घेत नाही, घेणारही नाही. तो फोनवर "बरे चालले आहे" म्हणत असेल. मीही तसेच म्हणत होतो. आज रात्री त्याला फोन करा. पैसे किती पाठवतोस, हे विचारू नका. कागद आहे का, एवढेच विचारा. नसेल, तर म्हणा, "बाळा, रिकाम्या हाताने ये. कर्जाचे आपण बघू." माझ्या आईने हे शब्द म्हटले असते, अशी माझी खात्री आहे. पण मी तिला खरे सांगितलेच नाही, मग ती बिचारी म्हणणार कशी?

 न्यासाचा सुवर्णमहोत्सव होईल, तेव्हा या गावचा कोणीही मुलगा मुदतीबाहेर अडकलेला नसो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.