स्वेटरचा कागद

घरी आजी स्वेटर विणायची तेव्हा माप म्हणजे पाठीला लावलेली वीत. लुधियानाच्या कारखान्यांत मात्र एकच स्वेटर शेकड्यांनी, तोही तसाच्या तसा काढायचा असतो. म्हणून लोकरीच्या आधी कागद येतो. धंद्यात त्याला स्पेक शीट म्हणतात.

धाग्याची जात, जाडी, रंग आणि यंत्राचा गेज, म्हणजे एका इंचात किती सुया, हे त्यात असतंच. 3 गेजवर जाडाभरडा स्वेटर निघतो, 12 गेजवर तलम.

खरी मेख आहे नमुन्याच्या तुकड्यात. यंत्रावरून उतरलेली वीण ताणलेली असते; धुतली, वाफ दिली की आक्रसते. म्हणून तुकडा धुऊन, सुकवून, सपाट पसरून मगच टाके मोजायचे. समजा 10 सेंटिमीटरमध्ये 28 टाके भरले आणि पुढचा भाग 50 सेंटिमीटर रुंद हवा, तर टाके 140. शिवणीसाठी दोन्ही कडांना एखाददुसरा जास्त. इथे घाई केली, की मोठ्या भावाचा स्वेटर धाकट्याच्या मापाचा झालाच म्हणून समजा!

छाती नेमकी कुठे मोजायची, हेही लिहावं लागतं. बहुधा काखेच्या इंचभर खाली. नाहीतर दोन तपासनीस एकाच स्वेटरची दोन मापं सांगतात. किती फरक चालेल, तेही आधीच ठरवतात.

गळ्यासाठी वेगळी ओळ हवी: ताणल्यावर तो किमान किती उघडावा? लहान मुलांच्या स्वेटरमध्ये ही ओळ राहून गेली, तर शाळेच्या वेळी डोकं गळ्यात अडकतं आणि घरभर रडारड.