काकासाहेबांचा चेहरा
(रेडिओवरील भाषण)

हैदराबादेतल्या आपल्या बेगम बाजारात पितळेचं भांडं घेताना जाणतं गिऱ्हाईक आधी त्यावर टिचकी मारतं. चकाकीला भुलत नाही, नाद ऐकतं. नटही असाच पारखावा, आणि या परीक्षेला मी केशवराव दाते यांना बेधडक पुढे करीन.

दात्यांचा जन्म १८८९चा. महाराष्ट्र नाटक मंडळीत त्यांनी आधी स्त्रीभूमिका केल्या, मग पुरुषभूमिका. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणलं, त्यातही ते होते. त्याच वर्षी चार्ल्स लॉटन हा रंगभूमीवर घडलेला इंग्रज चरित्र अभिनेता आठवा हेन्री रंगवून पडद्यावर गाजला. तसाच रंगभूमीवर घडलेल्या दात्यांनाही पडदा फार दूर नव्हता. १९३४च्या मराठी ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरू झाले ते दातेच, हिंदीत चंद्रमोहन.

पण मला बोलायचंय ते ‘कुंकू’बद्दल. १९३७ साल, ‘प्रभात’चा चित्रपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम. त्यात दाते झालेत काकासाहेब, एक म्हातारे, विधुर वकील. तरुण नीरेला फसवून त्यांच्याशी लग्न लावून दिलंय. शांता आपटे यांची नीरा हे लग्न मानतच नाही. सिनेमात पार्श्वसंगीत नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. म्हणजे नटाच्या मदतीला सारंगी नाही, पेटी नाही. थिएटरातल्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, तो हा माणूस इथे नुसत्या नजरेवर प्रसंग पेलतो. आधी या म्हाताऱ्याचा संताप येतो. मग काकासाहेबांची मोठी मुलगी, म्हणजे शकुंतला परांजपे, नीरेच्या बाजूने उभी राहते आणि काकासाहेब हळूहळू आतून ढासळू लागतात. आपण केलं ते पाप होतं, हे त्यांना कळतं. नीरेला मुलगी मानून ते स्वतःला संपवतात. दात्यांनी कुठेही दयेची भीक मागितलेली नाही, म्हणून तर आपला जीव तुटतो.

पुढे ‘झनक झनक पायल बाजे’त ते नृत्यगुरू मंगल महाराज झाले, तेही उत्तम. १९७१ साली ते गेले.

‘कुंकू’चा हिंदी अवतार ‘दुनिया ना माने’. त्यातही काकासाहेब दातेच आहेत. तेव्हा गल्लीतल्या मारवाडी, तेलुगू शेजाऱ्यांनाही सोबत घेऊन बसा. बाजू नीरेचीच घ्या, घ्यायलाच हवी. पण नजर काकासाहेबांच्या चेहऱ्यावरून हलू देऊ नका.