कोसबाडची तयारी



शिक्षकाच्या तयारीचा विषय निघाला की मला माझी पहिली टाचणवही आठवते. डी.एड. करून मी सिंधुदुर्गातल्या एका खेड्यातल्या शाळेत नुकतीच रुजू झाले होते. वर्ग पहिलीचा. प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, संकलन, उपयोजन असे सगळे रकाने रात्री जागून, सुवाच्य अक्षरात भरले होते. सकाळी 'अ अननसाचा' हा तक्ता फळ्याला अडकवला आणि विचारलं, "हे काय आहे, सांगा बघू." वर्ग गप्प. बऱ्याच वेळानं पुढच्या ओळीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "केवडो." मी "चूक" म्हणाले आणि पुढे गेले. ती मुलगी पुढे कितीतरी दिवस वर्गात बोलली नाही.

पावसाळा सरल्यावर एकदा तिच्या वाडीत गेले. व्हाळाच्या काठाला केवड्याचं दाट बन होतं आणि एका झाडाला फळ धरलं होतं. खवल्याखवल्यांचं, थेट अननसासारखं. तिथे उभी असताना मला फार वाईट वाटलं. तिनं अचूक पाहिलं होतं. जे मी पाहिलं नव्हतं, ते तिनं पाहिलं होतं. धडा मी पाठ केला होता, पण ती मुलं कुठून येतात, काय बघतात, घरी कोणत्या शब्दांत बोलतात, याची तयारी माझ्या वहीत नव्हती.

ती तयारी कशी करायची हे मला बालशिक्षणाचं काम केलेल्या अनुताई वाघांकडून कळलं. अनुताईंचा जन्म 1910 चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. लहानपणी लग्न आणि लगेच वैधव्य. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य माजघरातच संपायचं. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, दिवसा नोकरी करून रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. 1945 साली बालशिक्षणाच्या कामासाठी ताराबाई मोडक यांच्याबरोबर त्या बोर्डी या गावी गेल्या, तेव्हा पस्तिशीच्या होत्या. शिकवण्याचा अनुभव गाठीशी होता, पुण्यातली चांगली शाळा मागे होती. तरीही तिथे त्यांना पुन्हा विद्यार्थिनी व्हावं लागलं.

ताराबाईंचीही वाट अशीच. राजकोटला प्राचार्य असलेल्या ताराबाई भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या, त्या तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये बसून शिकायला. बालशिक्षणाची मॉन्टेसरी पद्धत त्यांनी तिथे आत्मसात केली. पण त्या पद्धतीची साधनं महाग. खेड्यातल्या बालवाडीला ती कुठून परवडणार? मग शिंपले, बिया, खडे, पानं, माती ही साधनं झाली. वाचायला हे सोपं वाटतं. चिंचोके गोळा करणं कुणालाही जमेल. पण कोणत्या वयाच्या मुलासमोर किती चिंचोके ठेवायचे आणि मूल ते स्वतःच्या हातानं मांडत असताना आपण कुठे गप्प राहायचं, हे ठरवायला वर्षानुवर्षांची साधना लागते. मला तर गप्प राहणं सगळ्यात उशिरा जमलं.

1957 च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या होत्या. आजूबाजूला वारली आदिवासींचे पाडे. मुलं शाळेत येत नाहीत, असं म्हणून हात झटकता आले असते. या दोघींनी बालवाडी पाड्याच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. मुलांना न्हाऊमाखू घालणं, नखं काढणं, केस विंचरणं हे सगळं शिक्षणातच धरलं. थोडी मोठी मुलं दिवसभर गुरं राखायची, म्हणून शिक्षक कुरणात गेला. ती कुरणशाळा. गुरं चरताहेत आणि तिथेच अक्षरं गिरवली जाताहेत. शाळेची वेळ, जागा, फळा हे सारं मुलाच्या दिवसाप्रमाणे बदलायचं, याहून मोठी पूर्वतयारी मला माहीत नाही. आणि हे करत असतानाच अनुताई स्वतः अभ्यास करत होत्या. पन्नाशीच्या आसपास त्या बी.ए. झाल्या.

अशा तयारीला वेळ लागतो. आजच्या शिक्षकांचा कितीतरी वेळ माहितीचे तक्ते भरण्यात जातो, हे मी पाहते आणि जीव तुटतो. वर्गात जाण्याआधीचा तो निवांत तास त्यांना मिळायलाच हवा. तो शिक्षकाचा हक्क आहे, आणि त्याहून जास्त मुलांचा.

केवड्याच्या त्या प्रसंगानंतर मी टाचणवहीची मागची पानं मुलांच्या शब्दांसाठी राखून ठेवली. दर मे महिन्यात नव्या मुलांच्या वाड्यांवर जायचे, अंगणात बसायचे, ऐकलेलं लिहून घ्यायचे. व्हाळ, कुर्ली, इरलं, खळं. जूनमध्ये त्याच शब्दांनी पहिला धडा सुरू व्हायचा. एक वही भरली की यादी दुसऱ्या वहीत उतरवायची. निवृत्तीच्या वर्षी 'प पतंगाचा' शिकवत होते. बाहेर पाऊस कोसळत होता. एक मुलगा उठून थेट खिडकीपाशी गेला, कौलांवरून पडणाऱ्या धारेखाली त्यानं ओंजळ धरली आणि मला म्हणाला, "बाई, प पागोळीचा."

माझ्या यादीतला तो शेवटचा शब्द.