मनाचें औषध व पोटरींतील शीर

१९५२ सालीं पॅरिस येथें क्लोरप्रोमाझीन हें औषध मनोरुग्णांस देण्यास आरंभ झाला आणि अनेक विस्कटलेलीं घरें सांवरलीं. परंतु औषध जितकें गुणकारी, तितकी सावधगिरीही हवी.

अशा औषधांनीं कांहीं रोग्यांस गुंगी येते, वजन वाढतें, हालचाल मंदावते. रक्ताचा प्रवाह मंदावला कीं पोटरींतील शिरेंत गुठळी धरूं शकते. ती सुटून फुप्फुसांत गेल्यास जिवावर बेततें.

ब्रिटनमधील २०१० च्या पाहणींत हा धोका सुमारें एकतृतीयांशानें अधिक, व औषध नुकतेंच सुरू झालेल्यांत जवळजवळ दुप्पट आढळला. तथापि वर्षाकाठीं दहा हजार रोग्यांमागें जादा प्रसंग सुमारें चारच. तेव्हां भिऊन औषध परस्पर बंद करणें हें अधिक घातक होय.

घरच्यांनीं रोग्यास चालतें-फिरतें ठेवावें, पाणी पुरेसें द्यावें. एकाच पायास सूज, एकाएकीं धाप वा छातींत कळ दिसतांच विनाविलंब रुग्णालय गांठावें व चालू औषधांचीं नांवें सांगावीं. मनोरुग्ण आपली व्यथा बोलून दाखवीलच असें नाहीं; त्याचा पाय घरच्यांनींच पाहिला पाहिजे.