पडद्यावरची बाग, दारातली कुंडी



संगणकावर घटकाभर रमवणाऱ्या चित्रफिती उदंड आहेत. पाहिल्यावर घराची घडी बदलावीशी वाटावी, अशा मोजक्याच. २००९ सालचा ‘होमग्रोन रिव्होल्यूशन’ हा लघुपट त्यांपैकी एक.

अमेरिकेतील पॅसाडेना शहरात ज्यूल्स डर्वेस व त्यांच्या मुलांनी घराभोवतीच्या अवघ्या चार गुंठ्यांत भाज्या, फळे आणि खाण्याजोगी फुलेही पिकवली. त्यांच्या हिशेबाने वर्षाचे उत्पन्न सहा हजार पौंड, म्हणजे सुमारे २,७०० किलो. भर वस्तीत बागडणाऱ्या शेळ्या-बदके पाहून गंमत वाटते. जादा भाजी उपाहारगृहांना विकावी, वापरून टाकलेल्या तेलाचे मोटारीसाठी इंधन करावे, स्वयंपाकघरात हाताने फिरवायची यंत्रे वापरावीत, असा त्यांचा परिपाठ.

डर्वेस २०१६ साली निवर्तले. त्यांची शिकवण व्यापाऱ्याला सहज उमगेल: वाचवलेला खर्च हीच पहिली कमाई. परंतु नुसते पाहणे ही उधारी आहे. ती हातांनीच फेडावी लागते. चार गुंठे सर्वांजवळ नसतात, चार कुंड्या मात्र गच्चीतही मावतात. लघुपट रात्री पाहावा. सकाळी मूठभर मेथी पेरावी आणि भाजी धुतलेले पाणी तिलाच घालावे.