रोग्याचे कागद : न्यायालयांत आणि विमा कचेरींत

शिरोडा हें गांव महाराष्ट्राला ठाऊक आहे तें तेथील मिठागरांमुळें, १२ मे १९३० रोजीं सुरू झालेल्या मिठाच्या सत्याग्रहामुळें, आणि वि. स. खांडेकर यांनीं तेथील शाळेंत घालविलेल्या वर्षांमुळें. परंतु या किनाऱ्याच्या जीवनाची दुसरीहि एक बाजू आहे. येथील कित्येक कुटुंबांचा एक पाय गांवीं, तर दुसरा मुंबईस असतो. आजारपणाचाहि असाच प्रवास होतो. पहिलें औषध गांवच्या डॉक्टरचें, मग वेंगुर्लें किंवा सांवतवाडी, आणि दुखणें हाताबाहेर गेलें कीं गोव्यांतील बांबोळीचें मोठें रुग्णालय, नाहीं तर मुंबई. रोगी चार ठिकाणीं जातो आणि त्याचे कागदहि चार ठिकाणीं विखुरतात.

माणूस जिवंत असतो तोंवर या कागदांची किंमत कोणास वाटत नाहीं. पण घरचा कर्ता गेला आणि विम्याच्या मागणीस "पूर्वींचा रोग लपविला होता, सबब रक्कम देतां येत नाहीं" असें उत्तर आलें, म्हणजे त्याच्या विधवेचा आणि मुलांचा पुढील संसार त्या चिठोऱ्यांवर अवलंबून राहतो. अशा वेळीं ते कागद वाचावयाचे कसे, हा या भाषणाचा विषय आहे.

न्यायालयांत अशा कागदांचें महत्त्व किती, याचें एक उदाहरण याच कोंकण किनाऱ्यावरील आहे. ६ मे १९५३ रोजीं सूर्यास्ताच्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेत गांवच्या वाळूंत एका वीस वर्षांच्या तरुणाच्या डाव्या मांडीचें हाड मोडलें. गांवच्या डॉक्टरांनीं पायास फळ्या बांधल्या. पुढें मोटारीनें सुमारें दोनशें मैलांचा प्रवास करून ९ मे रोजीं त्यास पुण्यास आणलें. दुपारीं सव्वादोन वाजतां त्यास एका खासगी रुग्णालयांत दाखल करण्यांत आलें, आणि रात्रीं नऊ वाजतां तो मरण पावला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलें होतें तें रक्तांत चरबीची गुठळी अडकल्याचें.

मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. ते दिवाणी न्यायालयांत गेले. वाद होता तो पुरेशी भूल न देतां हाड ओढून बसविलें कीं काय, याचा. न्यायालयानें त्या एका दुपारचा हिशेब घेतला. इंजेक्शनें दोन सांगितलीं असतां दिलें एकच. क्ष-किरणांचीं चित्रें घेतलीं. शस्त्रक्रियागृहांत तासाहून अधिक वेळ गेला. साडेपांचास खोलींत आणलें. साडेसहास आईला मुलाचा श्वास अडखळतांना दिसला. या क्रमाशीं दाखला ताडून पाहिल्यावर चरबीच्या गुठळीचें कारण टिकलें नाहीं. मृत्यु उपचारांच्या धक्क्यानें झाला, असें ठरलें. २ मे १९६८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तोच निर्णय कायम केला. भरपाई अवघी तीन हजार रुपये. परंतु 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नांवानें हा निवाडा आजहि वैद्यकीय हयगयीच्या खटल्यांत आधारास घेतला जातो. त्यांतील बोध असा, कीं दाखला हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

कागद तपासणाराचें काम तेथूनच सुरू होतें. सर्व चिठ्ठ्या, केसपेपर, रक्ताच्या तपासण्या, परिचारिकांचे तक्ते आणि रुग्णालयांतून घरीं सोडतांना दिलेलें कार्ड हीं प्रथम तारखेनें, आणि साधलें तर घटकेनें लावावीं. मग प्रत्येक नोंदीस चार प्रश्न विचारावे: ही लिहिली कोणी? केव्हां लिहिली? कोणाच्या सांगण्यावरून लिहिली? आणि जें लिहावयास हवें होतें, तें लिहावयाचें राहिलें काय? मागाहून घुसडलेली ओळ, बदललेली शाई, खाडाखोड आणि हरवलेलें पान यांकडे विशेष लक्ष द्यावें. वैद्यकशास्त्राचें ज्ञान यास लागतेंच. पण त्याहूनहि चिकाटी अधिक लागते.

तिसऱ्या प्रश्नावर विम्याचे कित्येक तंटे फिरतात. मध्यरात्रीं बेशुद्ध माणसास घेऊन आलेला घाबरलेला भाऊ म्हणतो, "तेका खूप वर्सां साखर आसा." ड्यूटीवरील तरुण डॉक्टर लिहितो, "दहा वर्षांपासून मधुमेह." पुढें ही एक ओळ विमा कंपनीच्या हातीं पडते, आणि विमा उतरवितांना रोग होता, याचा तोच पुरावा म्हणून दाखविला जातो. वास्तविक "खूप वर्सां" म्हणजे किती, हें भावासहि ठाऊक नसतें. रोग लपविल्याचें शाबीत करण्याची जबाबदारी कंपनीची असते. म्हणून तपासणारानें त्या ओळीस जुन्या तपासणीचा, औषधांचा किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या साक्षीचा आधार आहे काय, हें पाहिलें पाहिजे.

याचा अर्थ विमेदारानें कांहींहि लपवावें आणि निभावून जावें, असा नव्हे. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुना विकार सांगितला नव्हता, म्हणून २००९ सालीं सतवंत कौर संधू यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें कंपनीचा नकार योग्य ठरविला. उलट २०१५ सालीं सुलभा मोटेगांवकर यांच्या प्रकरणांत मृत्यु हृदयविकारानें झालेला होता आणि न सांगितलेलें दुखणें कमरेच्या मणक्यांचें होतें. तेवढ्यावरून रक्कम नाकारतां येणार नाहीं, असें त्याच न्यायालयानें म्हटलें. लपविलेली गोष्ट महत्त्वाची होती काय, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता. उत्तर मात्र कागदांनीं वेगवेगळें दिलें.

काळाची मर्यादाहि लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १९३८ च्या विमा कायद्याच्या ४५ व्या कलमांत २०१५ सालीं दुरुस्ती झाली. आयुर्विमा सुरू होऊन, किंवा बंद पडलेला विमा पुन्हां चालू होऊन, तीन वर्षें उलटलीं म्हणजे कोणत्याहि कारणास्तव त्यावर हरकत घेतां येत नाहीं. म्हणून नकाराचें पत्र हातीं पडतांच आधीं विम्याची तारीख पाहावी. नकार आलाच, तर एका वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करतां येते. ग्राहक आयोगाकडे जाण्यास दोन वर्षांची मुदत आहे.

माडावरून पडणें, सर्पदंश, वीज पडणें हे येथील शेतकऱ्याचे अपघात. त्यांसाठीं राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची योजना आहे; मृत्यु झाल्यास वारसांस दोन लाख रुपये मिळतात. येथेंहि सारा भर कागदांवर असतो: पोलिसांचा पंचनामा, उत्तरीय तपासणीचा अहवाल, मृत्यूचा दाखला. सर्पदंश झालेल्या माणसाचा उत्तरीय तपासणीशिवाय घाईनें दहनविधि उरकला, तर मृत्यु सर्पाच्या विषानें झाला हें नंतर दाखवावयाचें कशानें? दुःखाच्या घटकेस हें सुचत नाहीं. म्हणूनच शेजाऱ्यानें किंवा गांवच्या जाणत्या माणसानें तें सुचविलें पाहिजे.

हे कागद मिळण्याचा हक्क रोग्यास आहे. १९९६ सालीं राहेजा यांच्या प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयानें तो स्पष्ट केला. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणें रुग्णालयांत राहिलेल्या रोग्याच्या नोंदी डॉक्टरनें तीन वर्षें जपावयाच्या असतात, आणि मागणी आल्यास ७२ तासांच्या आंत द्यावयाच्या असतात. मागणी तोंडी न करतां लेखी करावी व तिची पोंच घ्यावी. तीन वर्षांनंतर कागद मिळेलच अशी खात्री नाहीं. म्हणून तो हातचा सोडूं नये.

किनाऱ्यावरील घरांत जमिनीचा सातबारा आणि सोसायटीची पावती पत्र्याच्या पेटींत जपून ठेवण्याची रीत आहे. त्याच पेटींत घरच्या प्रत्येक माणसाचे औषधपाण्याचे कागद तारखेनें लावून ठेवावे, आणि विम्याचा अर्ज एजंटानें भरला तरी तो वाचून घेतल्यावांचून त्यावर सही करूं नये. घरावर प्रसंग ओढवलाच, तर मागें राहिलेल्या माणसांचें म्हणणें न्यायालयापुढें मांडण्यास त्या पेटींतील कागदांचाच आधार असतो.