पेंढ्याची कदर

तारकर्लीला स्कूबा करून आलेल्या कुणालाही विचारा, पाठीवर काय होतं? ‘ऑक्सिजन!’ अहो, नाही. त्या टाकीत साधी, दाबून भरलेली हवा असते. आणि हवाच असायला हवी. कितीदा सांगितलं तरी हे कुणाच्या गळी उतरत नाही, म्हणून आजची सगळी मिनिटं त्यालाच.

लोकांचा हिशेब असा: हवेत 78 टक्के नायट्रोजन, तो बिनकामाचा, काढून टाकला तर फुप्फुसाला बरंच की! हापूसच्या पेटीतला पेंढा काढून तिथे चार आंबे जादा कोंबायची ही अक्कल. प्राणवायू रक्त उचलून नेतं, नायट्रोजन मागे राहून वायुकोशांना आतून टेकू देतो. निव्वळ प्राणवायू भरला आणि एखाद्या कोशाची वाट कफाने अडली, की आतलं सगळं रक्तात शोषलं जातं आणि कोश मिटतो. पेंढा नाही, आंबा चेपला. शिवाय दाबाखालचा प्राणवायू तासन्‌तास घेतला तर कोशांचं अस्तरच सुजतं. छातीत जळजळ, कोरडा खोकला, खोल श्वास घेववत नाही. लॉरेन स्मिथ यांनी प्राण्यांच्या फुप्फुसांवरचा हा परिणाम 1899 मध्येच दाखवला होता!

आता तीच पेटी एसटीच्या टपावरून घाटातून पाठवा. म्हणजे पाणबुड्याला कामाला लावा. पाण्यात उतरलं की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आधीच तुडुंब. त्यात थंड पाण्यात जोर लावून पोहलं, तर दाब वाढून कोशांत पाणी झिरपू शकतं. श्रमाने कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूकडे रक्त जास्त धावतं, आणि प्राणवायूचे झटके, म्हणजे दाबाखालच्या प्राणवायूने येणारी आकडी, लवकर येतात.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाचे डॉक्टर केनेथ डोनाल्ड यांनी हेच तपासलं. कोरड्या दाबकक्षात जे सोसतं ते पाण्यात सोसत नाही, आणि पाण्यात हातपाय चालवताना तर त्याहून कमी. तोच माणूस आज ठणठणीत, उद्या तितक्याच खोलीवर बेशुद्ध! निव्वळ प्राणवायूवर आजही 6 मीटरच्या आसपासच थांबतात, ते उगाच नाही. पुन्हा सांगतो, पेंढा काढू नका.

नायट्रॉक्सवाले, म्हणजे जादा प्राणवायू मिसळलेली हवा भरणारे, म्हणतील, आम्ही प्राणवायू 32 टक्क्यांपर्यंत नेतोच की. नेता, पण मग खोली कमी करावी लागते, कारण दाब... स्टुडिओच्या काचेपलीकडून हात हलतोय. बरं, थांबतो.